खासेरावांच्या घरातील बंगाली

श्री अरविंदांच्या बडोद्यातील वास्तव्याविषयी लिहिताना चरित्रकार सहसा पुढल्या क्रांतिकार्याकडे आणि योगसाधनेकडे लवकर वळतात. आम्हां बडोदेकर मराठी मंडळींना मात्र त्या तेरा वर्षांतील एक घरगुती बाजू अधिक जवळची वाटते. १८९३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले, तेव्हा त्यांना स्वतःची मातृभाषा नीट बोलता येत नव्हती. सातव्या वर्षी इंग्लंडला गेलेला हा मुलगा परतला तो ग्रीक, लॅटिन आणि फ्रेंच घेऊन. सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेसाठी टॉवर्स नावाच्या एका इंग्रजाकडे ते बंगाली शिकले होते खरे. परंतु बंकिमचंद्रांचा उतारा पुढे ठेवताच ‘ही बंगालीच नव्हे’ असा निर्वाळा या गुरुजींनी दिला, अशी आठवण अरविंदांनीच पुढे सांगितली आहे!

अशा माणसाला बडोदे हा दुसरा परदेशच होता. प्रजा बहुतांशी गुजराती, राजघराणे व सरदारवर्ग मराठी. आधार होता तो स्नेह्यांचा. केंब्रिजपासूनचे मित्र केशवराव देशपांडे यांनी त्यांना ‘इंदुप्रकाश’मध्ये लिहिते केले. पुढे खासेराव आणि माधवराव या जाधव बंधूंशी मैत्री जडली. खासेराव इंग्लंडात शेतकीचे शिक्षण घेऊन आलेले सरकारी अधिकारी, माधवराव फौजेत. खासेरावांचे घर अरविंदांना स्वतःच्या घरासारखेच झाले. मराठी व गुजराती त्यांनी बडोद्यातच, नोकरीच्या आणि सहवासाच्या ओघात आत्मसात केली.

१८९८ च्या सुमारास बंगालहून दिनेंद्रकुमार रॉय आले. हे पुढे ग्रामचित्रे आणि गुप्तहेरकथा लिहून नावारूपास आलेले लेखक. मामांनी त्यांना भाच्याला बंगाली शिकवण्यासाठी पाठवले होते. बडोद्याचे जेवण त्यांना काही मानवले नाही. तरी ते दोनेक वर्षे राहिले, आणि त्या सहवासावर त्यांनी बंगालीत एक पुस्तकही लिहिले. मराठी स्नेह्याच्या घरी, गुजराती मुलखात, एक बंगाली दुसऱ्या बंगाल्याला बंगाली बोलायला शिकवतो आहे! बडोद्याखेरीज अन्यत्र असे दृश्य सहजी दिसले नसते, असे आम्हांस वाटते.

अरविंदांनी मात्र रॉय यांना शिक्षक मानण्यास नकार दिला. ते सोबती होते, उच्चार आणि संभाषण सुधारण्यास साह्य करणारे, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. ते पटण्याजोगे आहे. रॉय येण्यापूर्वीच, १८९४ साली, त्यांनी बंकिमचंद्रांवर लेखमाला लिहिली होती. वाचता येत होते, बोलता येत नव्हते. आमच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीत नेमके उलट घडले आहे: मुले घरात मराठी बोलतात आणि देवनागरीतील पान पुढे आले की अडखळतात. पुस्तक ग्रंथालयातून आणता येते; बोलायला मात्र समोर माणूस लागतो, आणि तो रोज भेटावा लागतो.

केशवरावांचे ऋण येथेच संपत नाही. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या गंगनाथ विद्यालयात १९१० साली साताऱ्यात जन्मलेले एक मराठी तरुण शिक्षक म्हणून दाखल झाले, ते दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. विद्यालयाच्या राष्ट्रीय वळणामुळे इंग्रज सरकारच्या दडपणाखाली १९१२ साली ते बंद पडले. पण काकासाहेबांनी गुजरातीचा लळा सोडला नाही. पुढे साबरमतीच्या आश्रमात गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले, आणि गुजराती शुद्धलेखन निश्चित करण्याचे काम ज्यांच्यावर सोपवले त्यांत महादेवभाई देसाई व नरहरि परीख यांच्यासमवेत काकासाहेबही होते. गुजरात विद्यापीठाचा ‘जोडणीकोश’ १९२९ साली निघाला. गुजराती शब्द कसा लिहावा याविषयी शंका आली की आमच्या कचेऱ्यांतले कारकून त्याच कोशाकडे धाव घेत, आणि त्यामागे एका मराठी माणसाचाही हात आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असे.