मांडीवरचा सिंह

कुत्र्याला ‘वाघ्या’ म्हणायची आपल्याकडची रीत जुनी आहे. अंगणातलं कुत्रं कितीही किडकिडीत असो, हाक वाघाचीच. तिबेट आणि चीनमधल्या लोकांनी ही हौस आणखी पुढे नेली. नावावर न थांबता त्यांनी कुत्र्याला आयाळसुद्धा दिली. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर लोळणारा तो केसाळ शित्झू, त्याच्या नावाचा चिनी भाषेतला अर्थच मुळी सिंह. पूर्ण नाव ‘शीत्झू गौ’, म्हणजे सिंहकुत्रा.

गंमत अशी, की त्या मुलखात रानात कुठे सिंह नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात पश्चिमेकडच्या राज्यांनी हान दरबाराला जिवंत सिंह नजर केल्याच्या नोंदी आहेत, पण ते बघायला मिळाले राजवाड्यातल्या मोजक्यांना. बाकीच्यांपर्यंत सिंह पोचला तो बौद्ध धर्माचं बोट धरून. बुद्ध म्हणजे शाक्यसिंह, सारनाथच्या अशोकस्तंभावर चार सिंह, मंजुश्री बोधिसत्त्वाचं वाहनही सिंहच. तिबेटी भाषेत सिंहाला ‘सेंगे’ म्हणतात. आपलाच ‘सिंह’ हिमालय चढता चढता तेवढा झिजला. शब्द गेला, मूर्ती गेल्या, प्राणी मात्र इकडेच राहिला.

मग न पाहिलेला सिंह घडवायचा कसा? चिनी देवळांच्या दाराशी बसलेली दगडी जोडी नीट पाहा. बसकं नाक, बटबटीत डोळे, गोल गोल वळ्यांची आयाळ. गीरच्या सिंहापेक्षा तिचं नातं घरातल्या केसाळ कुत्र्याशी जास्त वाटतं. मंजुश्रीची एक कथाही सांगतात. त्याच्यासोबत एक छोटं कुत्रं फिरत असे आणि वेळ आली की त्याचाच सिंह होऊन ते धन्याला पाठीवर घेई. कुत्रं आणि सिंह यांच्यातलं अंतर असं कथेनं आधीच मिटवलं होतं. राहिलं ते केसांचं काम.

तिबेटच्या मठांत ल्हासा आप्सो होता, पेकिंगच्या राजवाड्यात पेकिंगीज. शित्झू हा या दोन घराण्यांच्या मधला नातेवाईक. तेरावे दलाई लामा १९०८ साली पेकिंगला गेले. तिथली राजमाता त्सू-शी कुत्र्यांची मोठी शौकीन; लामांनी तिला अशी कुत्री नजर केली, असं सांगतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती वारली, तीन-चार वर्षांत राजेशाहीही गेली आणि दरबारी कुत्री पांगली. १९३० साली लेडी ब्राउनरिग यांनी चीनमधून एक जोडी इंग्लंडला नेली. तिथे सुरुवातीला शित्झू आणि आप्सो एकाच नावाखाली मोडत. १९३३ साली चेल्टनहॅमच्या प्रदर्शनात दोन्ही शेजारी उभे राहिले, तेव्हा कुठे घोळ लक्षात आला. आप्सोचं तोंड लांबट, शित्झूचं चपटं. नाकाच्या बुंध्यापासून केस वर आणि चहूकडे फुटत असल्यानं शित्झूच्या चेहऱ्याला तिकडे शेवंतीच्या फुलाची उपमा मिळाली. आज जगभर दिसणारे शित्झू अवघ्या १४ कुत्र्यांचे वंशज मानले जातात.

या आयाळीचं मूळ एका बिघाडात आहे. केस ठरावीक लांबीला पोचला की ‘आता पुरे’ असं सांगणारं एक जनुक असतं, एफजीएफ-५. लांब केसांच्या कुत्र्यांत ते नीट काम करत नाही, म्हणून केस वाढतच राहतो. कुत्र्यांच्या केसांचे बहुतेक प्रकार तीन जनुकांच्या फेरफारातून होतात, असं २००९ साली संशोधकांनी दाखवलं. त्या तिघांतलं हे एक. निसर्गात असं जनावर झुडपाझुडपात अडकून बसलं असतं. माणसानं तो बिघाड आवडीनं जपला आणि सोबत कंगवाही स्वतःच्या गळ्यात बांधून घेतला.

कारण हे केस गळतात, पण खाली पडत नाहीत. गळालेला केस शेजारच्यात अडकतो, त्याची गुंतवळ होते आणि गुंतवळीची जट. ती धरते कानामागे, काखेत आणि हार्नेसचा पट्टा घासतो तिथे. आमच्याकडे शित्झू आला तेव्हा मी आधी आंघोळ आणि मग फणी असा माणसाचा क्रम लावला. दुपारपर्यंत कानामागची सैल गुंतवळ आवळून नमद्यासारखी बसली होती. गुंता आधी सोडवायचा, पाणी नंतर, हे त्या दिवशी कळलं.

विंचरायचीही रीत आहे. कुत्र्याला कुशीवर निजवायचं आणि पोटाकडून सुरुवात करायची. एका हातानं वरचे केस उलटे दाबून धरायचे, म्हणजे खाली बोटभर रुंदीची रेघ मोकळी होते आणि कातडी दिसते. पाण्याचा हलका फवारा मारायचा, तेवढीच रेघ मुळापासून टोकापर्यंत विंचरायची, मग पुढची. वरवर ब्रश फिरवलेलं कुत्रं रेशमासारखं दिसतं आणि आत जट तशीच असते. शेवटी स्टीलची फणी घालून बघायची. ती कुठे अडली नाही, तर काम झालं. डोळ्यांवरचे केस गोळा करून रबरानं शेंडी बांधली, की सिंह तयार. दहा-बारा महिन्यांच्या सुमारास पिल्लाचे केस जाऊन मोठ्याचे येतात, तेव्हा मात्र रोज सकाळी बसावं लागतं. त्यात मुंबईचा पावसाळा असेल तर ओलसर राहिलेल्या केसांखाली कातडी लाल व्हायला वेळ लागत नाही.

युरोपातही सिंह उरला नव्हता आणि तिथेही हौस हीच. फरक एवढाच, की त्यांनी ती कात्रीनं भागवली. छातीवर आयाळ ठेवायची, कंबरेपासून मागचं अंग भादरायचं, शेपटीच्या टोकाला गोंडा. अशा कापणीच्या एका छोट्या जातीचं नावच लोवशेन, जर्मन भाषेत ‘छोटा सिंह’. चीननं मात्र आता सिंहाला रजा दिली आहे. तिथे शित्झूला आज ‘शीशी’ म्हणतात, ते एका प्राचीन सौंदर्यवतीचं नाव.

गेल्या मे महिन्यात आम्हीही हार मानली. पार्लरवाल्या मुलानं बोटभर केस ठेवून बाकीचे मशीननं उतरवले. खाली पडलेली आयाळ भरायला एक अख्खी पिशवी लागली. घरी आल्यावर आमच्या सिंहानं अंग झाडलं आणि जिन्यात बसलेल्या मांजरावर जोरात भुंकला. मांजरानं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पंजा चाटायला घेतला. सिंहाच्या खऱ्या कुळातलं तेच होतं.