कनेक्टिकटमधील टॅव्हर्नच्या पाट्या

अमेरिकेच्या ईशान्येकडील कनेक्टिकटमध्ये अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात रस्त्यालगतच्या टॅव्हर्नपुढे रंगवलेली लाकडी पाटी टांगलेली असे. जेवण, दारू, मुक्काम आणि घोड्याला चारापाणी कुठे मिळेल, हे वाटसरूला लांबूनच कळे. ही चाल इंग्लंडमधून आली. राजा दुसऱ्या रिचर्डच्या कारकिर्दीत, १३९३ साली, तेथे एल (एक प्रकारची बिअर) विकणाऱ्याला दारावर खूण लावणे सक्तीचे झाले होते.

पाटी बारा महिने उघड्यावर राहायची. पाण्याने लाकूड रुंदीत फुगते, उन्हाने आकसते. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. चौकटीत घट्ट ठोकलेली रुंद फळी म्हणूनच हमखास तडकते. जाणता सुतार पाइनची फळी चौकटीच्या खाचेत सैल सरकवत असे, म्हणजे तिला हलायला जागा मिळे. चौकटीच्या आडव्या पट्ट्या दोन्ही बाजूंच्या खांबांत कुसू घालून पक्क्या केलेल्या असत. हे खांब बहुधा कातून घडवलेले असत.

रंगाचे काम त्यानंतरचे. अळशीच्या तेलात घोटलेला शिशाचा सफेदा लाकडात पाणी मुरू देत नसे. अक्षरांना सोन्याचा वर्ख लावत. काही पाट्यांवर ओल्या रंगावर कोबाल्टयुक्त निळ्या काचेची भरड, म्हणजे स्माल्ट, पसरत. तिने रंगाचे रक्षण होई आणि पाटी उन्हात चमके. हार्टफर्डचा रंगारी विल्यम राइस (१७७७–१८४७) पाट्यांवर स्वतःची सही करी. सुताराचे नाव मात्र क्वचितच सापडते. ही उणीव खटकते, कारण पाटी टिकली ती आधी त्याच्या जोडकामामुळे.

मालक बदलला की त्याच फळीवर नवे नाव, नवे चित्र चढे. स्वातंत्र्यानंतर नव्या राष्ट्राचा गरुड अनेक पाट्यांवर आला. रंगाखालचे लाकूड सुरक्षित राही, भोवतालचे झिजत जाई. त्यामुळे रंग पार उडाला तरी जुनी अक्षरे किंचित उंच राहत. बाजूने तिरपा उजेड टाकला की ती आजही वाचता येतात.

पुढे रेल्वे आली, घोडागाड्यांचे मार्ग ओस पडले आणि टॅव्हर्न बंद होत गेल्या. मॉर्गन ब्रेनार्ड यांनी जमवलेल्या अशा पाट्या आता हार्टफर्डच्या कनेक्टिकट म्युझियम ऑफ कल्चर अँड हिस्टरीच्या (पूर्वीच्या कनेक्टिकट हिस्टॉरिकल सोसायटीच्या) संग्रहात आहेत.