सदसद्विवेकबुद्धी, ख्रिस्ती धर्मातील

आपण केलेले वा करू पाहत असलेले कृत्य योग्य की अयोग्य, याचा माणूस स्वतःच्या मनाशी जो निवाडा करतो, त्या निवाड्याच्या शक्तीस सदसद्विवेकबुद्धी असे म्हणतात. ख्रिस्ती धर्मविचारात ती ईश्वरी नियमाची मानवी अंतःकरणातील साक्ष मानली जाते. कृत्यापूर्वी ती आज्ञा वा निषेध करते आणि कृत्यानंतर समाधान वा पश्चात्ताप उत्पन्न करते. तिच्यासंबंधी ख्रिस्ती परंपरेत दोन प्रश्न वारंवार उपस्थित झाले. स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागणे माणसास कधी उचित ठरेल काय, हा पहिला. आणि तिच्याविरुद्ध वागण्यास इतरांनी त्याला भाग पाडावे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञांनीच दिले होते. दुसऱ्याचे तितकेच स्पष्ट उत्तर रोमन कॅथलिक चर्चने अधिकृतपणे देण्यास १९६५ साल उजाडले. या दोन उत्तरांमधील अंतर हाच या संकल्पनेच्या इतिहासाचा गाभा होय.

बायबल व चर्चपिते : जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत सदसद्विवेकबुद्धीसाठी स्वतंत्र संज्ञा नाही, तेथे ‘हृदय’ या शब्दाने तिचा बोध होतो. शौल राजाच्या वस्त्राचा काठ कापल्यानंतर दाविदाचे हृदय त्याला टोचू लागले, असे वर्णन शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आढळते. नव्या करारात सेंट पॉलने ‘सिनेइडेसिस’ ही ग्रीक संज्ञा योजिली. तिचा शब्दशः अर्थ ‘सहज्ञान’, म्हणजे स्वतःच्या कृत्याचे स्वतःच साक्षी असणे, असा होतो. ज्यांना मोझेसचे नियमशास्त्र मिळाले नाही, अशा परधर्मीयांच्या अंतःकरणावरही तो नियम लिहिलेला असून त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते, असे पॉलने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रतिपादिले आहे. मूर्तीपुढे अर्पण केलेले मांस खावे की न खावे, या करिंथ येथील वादातही त्याने याच संज्ञेचा आधार घेतला. मूर्तीला अस्तित्व नसल्याने असे मांस खाण्यात दोष नाही, हे त्याला मान्य होते. तथापि जो मनात शंका बाळगून ते खातो, तो दोषी ठरतो आणि दुसऱ्याच्या दुबळ्या सदसद्विवेकबुद्धीस धक्का देणे हेही पाप होय, असे त्याचे मत होते. चुकीच्या समजुतीवर आधारलेल्या सदसद्विवेकबुद्धीचाही मान राखला पाहिजे, या पुढील काळातील सिद्धांताचे बीज येथे आहे.

रोमन साम्राज्यात छळ सोसणाऱ्या प्रारंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी धर्माच्या बाबतीत सक्ती अयोग्य ठरविली. टर्टुलियन व लॅक्टँशियस यांची या विषयावरील मते प्रसिद्ध आहेत. मिलान येथील ३१३ च्या निर्णयानंतर ख्रिस्ती धर्मास राजाश्रय मिळू लागला आणि ही भूमिका पालटत गेली. सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) हा प्रथम सक्तीच्या विरुद्ध होता; पुढे उत्तर आफ्रिकेतील डोनेटिस्ट पंथीयांना राजदंडाच्या भयाने चर्चमध्ये परत आणणे त्याने समर्थनीय मानले. भोजनास लोकांना आग्रहाने आत आणण्याविषयीच्या लूककृत शुभवर्तमानातील दृष्टांताचा त्याने लावलेला अर्थ पुढे अनेक शतके सक्तीच्या समर्थनार्थ उद्धृत केला जात असे.

मध्ययुगीन विचार : सेंट जेरोम (सु. ३४७–४२०) याने यहेज्केलावरील भाष्यात सदसद्विवेकबुद्धीची ठिणगी आदिम पाप्याच्या, म्हणजे काइनाच्या, अंतःकरणातही विझली नाही, असे म्हटले होते. मध्ययुगीन पंडितांनी त्या आधारे दोन गोष्टींत भेद केला. सत् करावे व असत् टाळावे हे मूलभूत ज्ञान उपजत असते. ते चुकत नाही. त्या ज्ञानाचा विशिष्ट प्रसंगी वापर करून दिलेला निवाडा मात्र चुकू शकतो. पीटर आबेलार (१०७९–११४२) याने पापाचे मूळ बाह्य कृत्यात नसून अंतःकरणाच्या संमतीत असते, असे मांडले. आपण योग्य तेच करीत आहोत, अशा समजुतीने ज्यांनी ख्रिस्ताला क्रूसावर चढविले, त्यांना खरा दोष लागत नाही, इथपर्यंत त्याने हा विचार नेला. सांस येथील धर्मसभेत त्याची काही मते निषिद्ध ठरविण्यात आली. लॅटरन येथील चौथ्या धर्मपरिषदेने (१२१५) प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करावे, असा नियम केला. त्यामुळे आत्मपरीक्षण ही सर्वसामान्य ख्रिस्ती माणसाच्या जीवनातील नियमित बाब बनली.

सेंट टॉमस अक्वाय्‌नस (सु. १२२५–७४) याने या विचाराला शास्त्रीय रूप दिले. त्याच्या मते सदसद्विवेकबुद्धी चुकलेली असली, तरी ती बंधनकारकच असते; कारण जे आपल्या बुद्धीस वाईट वाटते ते करणे म्हणजे जाणूनबुजून वाईटाची निवड करणे होय. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणे स्वतः चांगले असले, तरी एखाद्याच्या बुद्धीस ते वाईट वाटत असेल, तर तशी श्रद्धा स्वीकारणे हे त्याच्यापुरते पाप ठरेल, असे उदाहरण त्याने दिले आहे. मात्र चुकीचा निवाडा टाळता येण्याजोग्या अज्ञानातून आला असेल, तर माणूस दोषमुक्त होत नाही. म्हणून सदसद्विवेकबुद्धीचे ऐकणे हे जसे कर्तव्य, तसेच तिला योग्य वळण लावणे हेही कर्तव्य ठरते. याच अक्वाय्‌नसने, ज्यांनी कधीच ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती करू नये, असे सांगितले. परंतु बाप्तिस्म्यानंतर धर्ममतापासून ढळलेल्यांना शासन करणे, प्रसंगी देहान्त दंड देणे, न्याय्य मानले. व्यक्तीला तिचे अंतःकरण बांधील करते, पण समाजाला त्या बांधिलकीची दखल घ्यावी लागत नाही, असा या भूमिकेचा अर्थ होतो. बाप्तिस्मा घेतलेला व न घेतलेला या भेदाचे परिणाम भारतातही दिसून आले. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशन या धर्मन्यायपीठाने, बाप्तिस्म्यानंतर यहुदी वा हिंदू आचार पाळल्याच्या आरोपावरून अनेकांना शिक्षा दिल्या. १७७४ ते १७७८ हा खंड वगळता ते १८१२ पर्यंत अस्तित्वात होते.

धर्मसुधारणा व नंतरचा काळ : वोर्म्स येथील राजसभेत १८ एप्रिल १५२१ रोजी मार्टिन ल्यूथरने आपली मते मागे घेण्यास नकार दिला. आपली सदसद्विवेकबुद्धी ईश्वरी वचनाने बद्ध असल्याने तिच्याविरुद्ध जाणे सुरक्षितही नाही व उचितही नाही, अशी त्याची भूमिका होती. इंग्लंडमध्ये सर टॉमस मोर याने आठव्या हेन्रीच्या वारसाहक्काविषयीची शपथ घेण्याचे सदसद्विवेकबुद्धीच्या आधारे नाकारले. ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. दोघांची धर्ममते परस्परविरुद्ध असली, तरी त्यांच्या नकाराचे स्वरूप एकच होते. तथापि चॅन्सेलरपदी असताना (१५२९–३२) मोरने पाखंडाच्या आरोपींवरील कठोर कारवाईचा पुरस्कार केला होता आणि ल्यूथरने पुढे ॲनाबाप्टिस्ट पंथीयांविरुद्ध राजदंड वापरण्यास संमती दिली. स्वतःसाठी मागितलेली मोकळीक दुसऱ्याच्या चुकीलाही द्यावी, हा विचार त्या पिढीतील फार थोड्यांना सुचला. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनीव्हा येथे मायकेल सर्व्हीटस यास पाखंडी म्हणून जिवंत जाळण्यात आले, तेव्हा सिबॅस्टिअन कॅस्टेलिओने (१५१५–६३) मताचे रक्षण आणि मतधारकाचा वध या भिन्न गोष्टी असल्याचे सांगून कॅल्व्हिनला विरोध केला. अमेरिकेत रॉजर विल्यम्सने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स ही वसाहत स्थापून तेथे धर्मविषयक सक्तीस थारा दिला नाही.

कॅथलिक नीतिशास्त्रात याच काळात विशिष्ट प्रसंगांच्या छाननीची पद्धत वाढीस लागली. बार्टोलोमे दे मेदिना याने १५७७ मध्ये मांडलेल्या मतानुसार, एखाद्या कृत्याच्या बाजूने भक्कम आधार असेल, तर विरुद्ध बाजू अधिक संभाव्य असली तरीही ते करण्यास मुभा असते. या मताचा शिथिल उपयोग होऊ लागल्याने ब्लेझ पास्कालने आपल्या पत्रमालेत (१६५६–५७) त्यावर उपहासात्मक टीका केली आणि पोप अकरावा इनोसंट याने १६७९ मध्ये अनेक शिथिल मते निषिद्ध ठरविली. सेंट आल्फॉन्सस लिग्वोरी (१६९६–१७८७) याने अतिशिथिलता व अतिकठोरता यांमधील मध्यम मार्ग दाखविला.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ‘सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य’ ही उदारमतवादी राजकारणाची घोषणा बनली. सत्य व असत्य यांना समान लेखणारी म्हणून पोप सोळावा ग्रेगरी याने १८३२ मध्ये तिचा तीव्र निषेध केला. पोपच्या अस्खलनीयतेचा सिद्धांत १८७० मध्ये जाहीर झाल्यावर, कॅथलिकांची राजनिष्ठा आता शंकास्पद ठरते, असा आक्षेप ग्लॅडस्टनने घेतला. त्यास जॉन हेन्री न्यूमनने १८७५ मध्ये नॉरफॉकच्या ड्यूकला उद्देशून लिहिलेल्या पत्राद्वारे उत्तर दिले. सदसद्विवेकबुद्धी ही ईश्वराची वाणी असून पोपचा अधिकारही तिच्यावरच उभा आहे, असे त्याने प्रतिपादिले. मात्र मनास येईल तसे वागण्याच्या हक्कास ते नाव देणे त्याला मान्य नव्हते.

महाराष्ट्रातील एक प्रकरण : पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात हे दोन्ही प्रश्न एकत्र आलेले दिसतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे ईश्वरत्व आणि चर्चचा अधिकार यांविषयी त्यांच्या मनात शंका निर्माण झाल्या. गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांची अपेक्षा आज्ञापालनाची होती. ब्राह्मण पुरोहितवर्गाचे जू मोठ्या प्रयासाने झुगारल्यानंतर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जू आपण मानेवर घेणार नाही. स्वतः विचार करून पटेल तेच स्वीकारू, असे रमाबाईंनी पत्रांतून निक्षून सांगितले. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केला. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या व पुढे पुण्यास हलविलेल्या शारदा सदनात मात्र प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. सदनातील हिंदू मुली त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी उपस्थित राहतात, यावरून १८९३ मध्ये वाद उद्‌भवला आणि न्या. म. गो. रानडे व रा. गो. भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. आपण कोणास बोलावीत नाही व कोणास मज्जावही करीत नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते. तर संस्थेच्या आश्रयास आलेल्या अल्पवयीन विधवांची निवड कितपत मुक्त मानावी, हा टीकाकारांचा प्रश्न होता. दोन्ही पक्षांनी आधार घेतला तो अंतःकरणाच्या स्वातंत्र्याचाच.

विसावे शतक : नाझी राजवटीत फ्रान्झ येगरस्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याने अन्याय्य युद्धात लढण्यास नकार दिला. पत्नी व लहान मुलींचा विचार करून सैन्यात जावे, असे त्याला धर्मगुरूंनी व बिशपनेही सुचविले होते. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. चर्चचे अधिकारी ज्या निर्णयापाशी कचरले, तो एका सामान्य माणसाने एकाकीपणे घेतला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या चर्चेच्या काळात मुंबईचे माजी आर्चबिशप टॉमस रॉबर्ट्‌स (मुंबईतील कारकीर्द १९३७–५०) यांनी लेखी निवेदनाद्वारे त्याचे उदाहरण परिषदेपुढे ठेवले आणि युद्धास नकार देणाऱ्यांच्या हक्काची मागणी केली. परिषदेच्या ७ डिसेंबर १९६५ च्या आधुनिक जगातील चर्चविषयक घटनापत्रात अशा व्यक्तींसाठी कायद्याने मानवतेची तरतूद करावी, असे नमूद झाले आणि सदसद्विवेकबुद्धीचे वर्णन माणूस जेथे ईश्वरासमवेत एकटा असतो असे गाभारास्थान म्हणून करण्यात आले. त्याच दिवशी २,३०८ विरुद्ध ७० मतांनी संमत झालेल्या धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्राने, कोणालाही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागण्यास भाग पाडू नये, हे तत्त्व मानवी प्रतिष्ठेच्या आधारे स्वीकारले. प्रॉटेस्टंट व इतर चर्चच्या जागतिक मंडळाने अशीच घोषणा १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे केली होती. येगरस्टेटर याला २००७ मध्ये ‘धन्य’ म्हणून घोषित करण्यात आले.

यानंतर पहिल्या प्रश्नाला नवे वळण मिळाले. कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरविणाऱ्या १९६८ च्या परिपत्रकानंतर अनेक कॅथलिक दांपत्यांपुढे चर्चची शिकवण व स्वतःचा निवाडा यांत विरोध निर्माण झाला. पोप दुसरा जॉन पॉल याने १९९३ मध्ये सदसद्विवेकबुद्धी नैतिक सत्य निर्माण करीत नाही, ते ओळखते, यावर भर दिला. तर पोप फ्रान्सिस याने २०१६ मध्ये चर्चचे काम सदसद्विवेकबुद्धीस घडविण्याचे आहे, तिची जागा घेण्याचे नव्हे, असे म्हटले.

भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना दिले आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क धर्मप्रसाराच्या हक्कात अंतर्भूत नाही, असा निर्णय देताना १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच स्वातंत्र्याचा आधार घेतला. यहोवाचे साक्षीदार या पंथाची केरळमधील तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु ते गात नसत. यास्तव त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले होते. १९८६ मध्ये न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. त्या मुलांचा निवाडा बरोबर की चूक, हे ठरविणे न्यायालयाने आपले काम मानले नाही. तो प्रामाणिक आहे, एवढेच त्याने पाहिले.