1967चे दोन कौल : पेडणे-डिचोलीच्या नजरेतून

आपल्यापैकी अनेक घरांत 1967 हे साल पराभवाचे साल म्हणून सांगितले जाते. 16 जानेवारीच्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या ‘फुला’ला 1,38,170 मते मिळाली आणि संघप्रदेशाच्या ‘दोन पानां’ना 1,72,191. अंतर 34,021 मतांचे. पेडणे व डिचोली हे तालुके फुलाच्या बाजूने उभे होते. पुढे मार्चमध्ये मात्र विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने गोवा, दमण व दीव विधानसभेच्या 30 पैकी 16 जागा जिंकल्या आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. मग खरा कौल कोणता मानायचा? माझ्या मते दोन्ही खरे, कारण मोजणीही वेगळी होती आणि प्रश्नही वेगळा.

आधी मोजणी पाहू. जनमत कौलात सारा गोवा हा एकच मतदारसंघ होता. त्यामुळे सासष्टीत दोन पानांना मिळालेले प्रचंड मताधिक्य थेट पेडणे-डिचोलीच्या मताधिक्यावर पडले. विधानसभेत तसे होत नाही. तिथे सासष्टीची जादा मते सासष्टीतच राहतात आणि पेडण्याचा आमदार पेडणेकरच ठरवतात.

आता प्रश्न. नव्या काबिजादीतल्या या भागांत कूळ, मुंडकार आणि भाटकार हे नाते रोजच्या जगण्याचे होते. बांदोडकरांच्या राजवटीत 1964 साली कूळ कायदा झाला, खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्याला हे सरकार आपले वाटत होते, त्याच्यापुढे जानेवारीत अवघड पेच होता. विलीनीकरण झाले असते, तर पणजीतली विधानसभा आणि तिच्यासोबत हे सरकारही गेले असते. मार्चमध्ये तो पेच उरला नाही. आता फक्त आपले गाऱ्हाणे पणजीत कोण ऐकेल, एवढेच ठरवायचे होते. जानेवारीत दोन पानांवर आणि मार्चमध्ये सिंहावर शिक्का मारणाऱ्याला म्हणूनच दुटप्पी म्हणता येत नाही.

प्रश्न पाहून मत देण्याची ही रीत पुढेही दिसते. 2017 साली पेडणे तालुक्यातल्या मांद्रेने मुख्यमंत्रिपदी असलेल्या लक्ष्मीकांत पार्सेकरांना पाडून काँग्रेसचा आमदार निवडला, तर शेजारच्या पेडणे मतदारसंघाने मगोचा. 2022 साली डिचोलीने अपक्षाला निवडून दिले. उत्तर गोव्याचे खासदार मात्र 1999पासून श्रीपाद नाईकच आहेत. मतदारसंघ लहान, उमेदवार बहुधा ओळखीचा; त्यामुळे विधानसभेला माणूस पाहिला जातो आणि दिल्लीसाठी पक्ष. अमेरिकेतल्या व्हरमाँट या छोट्या ग्रामीण राज्यातही हेच आढळते. तिथले मतदार अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल देतात आणि 2016पासून गव्हर्नर मात्र रिपब्लिकन फिल स्कॉट यांना निवडत आले आहेत.

तेव्हा पुढच्या पिढीला 1967 सांगताना दोन्ही निकाल एकत्र सांगावेत. केवळ जानेवारी सांगितली, तर शेजाऱ्याने घात केल्याची भावना मुलांच्या मनात राहते. केवळ मार्च सांगितला, तर सासष्टीच्या मतांचे मोल कमी होते. फुलाला मत देणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी जानेवारीचा निकाल मानला आणि दोन महिन्यांनी पुन्हा मतदान केंद्राची वाट धरली, हेही मुलांना कळायला हवे.