भेट म्हणून घडवलेली बंदूक

तत्त्वज्ञानाच्या माणसाने बंदुकीवर काय बोलावं, असं काहींना वाटलं असेल. मला बंदुकीपेक्षा ती भेट देण्याबद्दल बोलायचं आहे. आपल्या नांदेडच्या हुजूर साहिबात गुरू गोविंदसिंगजींची म्हणून जपलेली शस्त्रं आहेत. तलवारी, धनुष्यं, बाण, ढाल, आणि त्यांत एक तोड्याची बंदूकही. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होतं तेव्हा घागरींनी गोदावरीचं पाणी आणतात आणि ही शस्त्रं बाहेर काढून साफ करतात. गुरू १७०८ साली नांदेडला आले आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला इथंच त्यांचं निर्वाण झालं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण माझी गोष्ट त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची, पंजाबातल्या तलवंडी साबोची.

आधी ही वस्तू समजून घेऊ. आपण हिला ठासणीची बंदूक म्हणतो. तोंडातून दारू ओतायची, वर गोळी, आणि गजाने ठासायचं. मागं नळीला बारीक छिद्र, म्हणजे कान. त्याच्यापाशी रंजक ठेवायची आणि पेटता तोडा तिच्यावर टेकवायचा. ऐकायला सोपं आहे, अवघड आहे ती नळी. अबुल फजलने आइन-ए-अकबरीत रीत सांगितली आहे. जुने कारागीर पत्र्याच्या कडेला कड भिडवून सांधत. मग दारू जास्त झाली की नळी फुटायची, आणि पहिला जखमी बंदूक चालवणाराच. अकबराच्या कारखान्यात लोखंड ठोकून पातळ करत, कागदाची सुरळी करावी तसं तिरकं गुंडाळत, पदरावर पदर चढवत, आणि भट्टीत हळूहळू एकजीव करत. नळ्या आतून घासायला एक चाक होतं, त्याला बैल जुंपायचा, आणि थोड्या वेळात सोळा नळ्या साफ. तेल्याचा घाणा डोळ्यांपुढं आणा. तिकडं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, जर्मन कारागिरांनी नळीच्या आत पीळ पाडून लांब रायफल घडवली. आपल्याकडच्या बहुतेक नळ्या आतून गुळगुळीतच राहिल्या. असो.

आता हे लोखंड ठोकणारा माणूस बघा. आपल्या गावगाड्यात लोहार फाळ पाजवतो, विळा करतो आणि खळ्यावर बलुतं घेतो. वर्षभर देत असतो, पण त्याला दाता कुणी म्हणत नाही. दाता म्हणजे पाटील, देशमुख. दरबारातही नजराणा सरदाराच्या नावाने जातो. आइनात उस्ताद कबीर आणि हुसेन या दोन बंदूक कारागिरांची नावं आली आहेत, ही मोठीच गोष्ट, पण तेही चाकरच. दान करायला आधी वस्तू आपली असावी लागते, आणि कारागिराने घडवलेलं घडवता घडवताच दुसऱ्याचं झालेलं असतं. मला वाटतं, ही जातिव्यवस्थेची एक मुकी शिक्षा आहे. आपण तिच्याबद्दल फार कमी बोलतो.

शीख परंपरेत इथं एक दार उघडलं. सहावे गुरू हरगोविंद १६०६ मध्ये गादीवर आले आणि त्यांनी सांगितलं की भेट म्हणून घोडे आणि शस्त्रं आणा. म्हणजे लोहाराच्या हातचं काम एकदम पूजेच्या ताटात आलं!

तर तलवंडी. पुढच्या काळातल्या शीख ग्रंथांतून कथा येते ती अशी. गुरूंचा मुक्काम तिथं आहे आणि तिथला चौधरी डल्ला आपल्या शूर जवानांची बढाई मारतो आहे. एवढ्यात एक शीख कारागीर बंदूक भेट घेऊन येतो. गुरू डल्ल्याला म्हणतात, तुझा एखादा माणूस समोर उभा कर, नेम बघू. जवान एकेक करून सटकतात. मग गुरू आपल्या शिखांना निरोप पाठवतात. बीरसिंग आणि धीरसिंग, बापलेक, रंगरेटे, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातीतले, पागोटं बांधत होते. ते अर्धवट बांधलेलं तसंच ठेवून धावत आले, आणि आधी कोण उभं राहणार यावर भांडू लागले. गुरूंनी गोळी त्यांच्या डोक्यावरून सोडली.

ही कथा मला बरीच वर्षं टोचत होती, आजही थोडी टोचते. माणसाला नेमापुढं उभं करायचं? डल्ल्याचे जवान पळाले यात मला भ्याडपणापेक्षा शहाणपण जास्त दिसतं. पण भेटीच्या बाजूने बघा. राजा असता तर त्याने बंदूक शस्त्रागारात टाकली असती आणि कारागिराला वस्त्रं देऊन वाटेला लावलं असतं. हिशेब मिटला. इथं परतफेड झाली नाही. भेट सगळ्यांसमोर उचलली, भरली, आणि तिच्यावरून एक प्रश्न विचारला गेला: कुणाचा कुणावर विश्वास आहे? देणारा कारागीर, पुढं येणारे रंगरेटे. चौधऱ्याला या कथेत बघ्याची जागा आहे.

पुढं १८७८ चा शस्त्र कायदा आला. ब्रिटिश हिंदुस्थानात हिंदी माणसाला हत्यार बाळगायला परवाना लागू लागला, गोऱ्यांना सूट होती. हत्यारं घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलकरी शिखांचा धंदा बसला. त्यांतले पुष्कळ लोक बादल्या, किल्ल्या, विळ्या, सुऱ्यांकडे वळले. १९५९ च्या कायद्याने आजही ठासणीची बंदूक परवान्याशिवाय ठेवता येत नाही, घडवताही येत नाही. कोकणात शेतकरी पीक राखायला परवान्यावर ती बाळगतात. तुम्हाआम्हाला ती नको, हे बरंच आहे. पण नांदेडला आपण शिकलकऱ्याकडून विळी घेतो तेव्हा घासाघीस करून पैसे देतो आणि निघतो. त्याच्या हातचं काही भेट म्हणून घ्यायची वेळ आपल्यापैकी कितीजणांवर आली आहे?