लग्नाचा मांडव आणि आपला विवेक



आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबे केटरिंग, मांडव, केक, बँड यांवर पोट भरतात. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या विवाहसोहळ्याचे काम आले, तर ते घ्यावे का? भारतात अशा विवाहाला कायद्याची मान्यता नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी ती देण्यास नकार दिला. पण समारंभाला बंदी नाही. म्हणून उत्तर शोधताना आधी आपल्याच मातीकडे पाहू.

लग्न, धंदा आणि धर्म यांची गाठ गोव्याला नवी नाही. हिंदू कारागिरांनी क्रूस, शमादाने अशा ख्रिस्ती उपासनेच्या वस्तू घडवू नयेत, असे हुकूम सोळाव्या शतकात निघाले. १६२० मध्ये हिंदूंच्या विवाहविधींवर बंदी आली. लोक लग्नासाठी नदी ओलांडून पोर्तुगीज हद्दीबाहेर जात. डिचोली आणि पेडणे तेव्हा त्या हद्दीबाहेर होती. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराला डिचोलीतील नार्व्यात आसरा मिळाला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. १७३६ मध्ये इन्क्विझिशनचा हात ख्रिस्ती लग्नघरापर्यंतही पोचला: विडा-फुले वाटू नका, हळद-तेल लावू नका. तरी आपला रोस आजही टिकून आहे.

१७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी, पेडणे पोर्तुगीजांच्या ताब्यात आली, तेव्हा मात्र रयतेचा धर्म आणि रीतिरिवाज राखण्याची हमी द्यावी लागली. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे संपले. बळजबरीने श्रद्धा रुजत नाही, हा धडा आपल्या भूमीने फार मोठी किंमत मोजून घेतला. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तेच तत्त्व मांडले.

हे स्वातंत्र्य ख्रिस्ती दुकानदाराचेही आहे. बेलफास्टमधील एका ख्रिस्ती बेकरीने समलिंगी विवाहाचे समर्थन करणारा मजकूर केकवर लिहिण्यास नकार दिला. १० ऑक्टोबर २०१८ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकरीच्या बाजूने निकाल दिला. कारण नकार मजकुराला होता, माणसाला नव्हता.

संत पौलाने करिंथकरांना असाच भेद शिकवला. बाजारातले मांस चौकशी न करता खुशाल खा. पण मूर्तींच्या मेजाचे भागीदार होऊ नका. बाजार वेगळा, वेदी वेगळी.

विवाहसंस्कार पुरुष आणि स्त्री यांचा, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. समलिंगी व्यक्तींना आदराने व करुणेने वागवा, त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव करू नका, हीही तिचीच शिकवण आहे. म्हणून आम्हांला वाटते, जेवण वाढल्याने किंवा खुर्च्या मांडल्याने आपला विश्वास बुडत नाही. एखादे काम मनाला खरोखरच टोचत असेल, तर नम्रपणे नाही म्हणावे. पण दारातल्या माणसाचा अपमान करण्याची मुभा आपल्याला कोणत्याही विवेकाने दिलेली नाही. ज्या भूमीत शेजाऱ्याला लग्नासाठी नदी ओलांडावी लागली, तेथे आपण हे विसरू नये.

प्रभू आपल्याला सत्य आणि प्रेम एकाच हातात धरण्याचे बळ देवो. आमेन.