मुशीच्या पोटाखालचा उजेड

शिळी मासळी कधीकधी अंधारात चमकते, ही गोष्ट ॲरिस्टॉटलच्या काळापासून माहीत आहे. हा उजेड माशाचा नसून त्याच्यावर वाढणाऱ्या जीवाणूंचा असतो, हे मात्र १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कळले. हिवाळ्याच्या सुमारास कोकण किनाऱ्यावर रात्री निळसर उजळणाऱ्या लाटाही आपल्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. तो प्रकाश नॉक्टिल्युकासारख्या एकपेशीय जीवांचा. तेव्हा समुद्रातून काढलेला एखादा प्राणी चमकत असेल, तर पहिला प्रश्न हाच की हा उजेड त्याचा स्वतःचा की उसना?

फ्रेडरिक डेबेल बेनेट यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. ‘टस्कन’ या देवमाशांची शिकार करणाऱ्या इंग्रज जहाजावर ते डॉक्टर होते. १८३३ ते १८३६ या प्रवासात त्यांच्या हाती एक लहान शार्क, म्हणजे आपल्याकडची मुशी, आली. अंधाऱ्या खोलीत नेल्यावर तिच्या पोटाकडची बाजू हिरवट प्रकाशाने उजळलेली दिसली. पाठ मात्र काळोखात होती. पर खालून चमकत होते, वरून नाही. खालच्या बाजूला एकच जागा अंधारी होती. ती म्हणजे गळ्याभोवतीचा काळा पट्टा.

समुद्रातले किंवा जाळ्यातले काहीतरी चमकणारे द्रव्य हिला लागले असावे, असे बेनेट यांना प्रथम वाटले. पण कसून तपासणी करूनही तसे काही आढळेना. लागलेले द्रव्य ठरावीक भागांवर इतके सारखे कसे बसेल? शिवाय मुशी पाण्याबाहेर तीन तासांहून अधिक जिवंत राहिली आणि तोवर ती चमकत होती. मेल्यावर आधी पोटाचा, मग बाकीच्या भागांचा उजेड विझला. जबडे आणि पर यांवर तो सर्वांत शेवटपर्यंत रेंगाळला. शिळ्या मासळीच्या अगदी उलट! तेव्हा हा प्रकाश जिवंतपणाशी निगडित आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८४० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासवर्णनात हे सारे आले आहे. ना सूक्ष्मदर्शक, ना रसायने. जवळ होती ती एक अंधारी खोली आणि तीन तासांचा धीर. आम्हांला हा उतारा कोणत्याही प्रयोगवहीत शोभेल असा वाटतो.

या मुशीचे वर्णन क्वा आणि गेमार या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञांनी १८२४ मध्येच केले होते. आजचे तिचे शास्त्रीय नाव इसिस्टियस ब्राझिलिएन्सिस. म्हणजे प्राणी आधी ओळखला गेला आणि त्याचा प्रकाश नंतर. युरोपच्या समुद्रातल्या एटमोप्टेरस स्पिनॅक्स या काळ्या पोटाच्या मुशीचेही तसेच. लिनीयसने १७५८ मध्ये तिला नाव दिले, पण तिच्या त्वचेतील सूक्ष्म प्रकाशांगांची रचना सविस्तर मांडली ती योहान यांनी १८९९ मध्ये. मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास असलेली ही अंगे पोटाकडे दाटीने असतात.

पण पोटच का? वरून झिरपणाऱ्या अंधूक निळ्या प्रकाशात प्राण्याची सावली खालून स्पष्ट दिसते. पोटाने तितकाच उजेड दिला तर सावली पुसली जाते. ही जीवदीप्तीची चोरवेषाची युक्ती. मग गळ्याचा काळा पट्टा कशासाठी? येथे एका वेगळ्याच कोड्याची मदत झाली. देवमासे आणि टूना यांच्या अंगावर, वाटीने पुरी पाडावी तशा गोल जखमा आढळत. या जखमा याच हातभर मुशीच्या असाव्यात, असे एव्हरेट जोन्स यांनी १९७१ मध्ये दाखवले. एवढीशी मुशी टूनाला गाठते तरी कशी? उजळलेल्या पोटावर तो काळा पट्टा खालून लहान माशासारखा दिसत असावा, त्याला भुलून मोठा मासा जवळ येत असावा, असे एडिथ विडर यांनी १९९८ मध्ये सुचवले. हा तर्क आहे, प्रत्यक्ष निरीक्षण नव्हे. पण प्रकाश भक्ष्याला आकर्षित करण्यासाठी असावा, असे बेनेट यांनीही म्हटले होते. पॉलिनेशियातले लोक रात्री पलिते पेटवून मासे पकडतात, तसे.

खरी नवलाई निघाली ती नियंत्रणात. अस्थिमत्स्यांची प्रकाशांगे सामान्यतः चेतातंतूंच्या हुकमाने चालतात. बेल्जियमच्या लुव्हाँ विद्यापीठातील क्लास आणि माल्फे यांनी स्पिनॅक्सच्या त्वचेवर प्रयोग केले आणि २००९ मध्ये दाखवले, की येथे हुकूम संप्रेरकांचा आहे. मेलॅटोनिन आणि प्रोलॅक्टिन दिवा लावतात, तर एम.एस.एच. तो विझवते. हे एम.एस.एच. म्हणजे त्वचेचा रंग गडद करणारे संप्रेरक. प्रकाशांगासमोरच्या रंगद्रव्याच्या पेशी पडद्यासारख्या सरकतात आणि उजेड अडतो किंवा मोकळा होतो. चेतातंतूंचे काम क्षणार्धात होते, संप्रेरकांना वेळ लागतो, पण त्यांचा परिणामही टिकतो. बेनेट यांच्या मुशीचे संथपणे मालवणे याच्याशी जुळते. (इसिस्टियसच्या कुळातील एका छोट्या मुशीत मात्र प्रोलॅक्टिन दिवा विझवते! तेव्हा एका प्रजातीवरून साऱ्यांचे नियम बांधू नयेत.)

जानेवारी २०२० मध्ये न्यूझीलंडजवळच्या चॅथम राइज भागात तीन प्रकारच्या खोलसागरी मुशी पकडून अंधारात त्यांचा प्रकाश टिपण्यात आला. २०२१ मध्ये माल्फे आणि सहकाऱ्यांनी ते निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांतली डॅलॅशियस लिका १८० सेंटिमीटरपर्यंत वाढते. प्रकाशणाऱ्या पृष्ठवंशीयांत आज ती सर्वांत मोठी मानली जाते. एवढ्या मोठ्या, संथ मुशीला लपण्याची काय गरज? ती पोटाच्या उजेडाने सागरतळ उजळून भक्ष्य शोधत असावी, असा एक अंदाज या संशोधकांनी मांडला आहे. बेनेट यांचा पलिता असा पुन्हा पुढे आला आहे, फक्त या वेळी भुलवण्यासाठी नव्हे, तर शोधण्यासाठी.